प्रमाणपत्र हाती, पण दार बंद
(अमेरिकेतील काळ्या परिचारिकांच्या पहिल्या नोकरीचा इतिहास)



पूर्वी आपल्या वस्तीत मुलगी दहावी पास झाली की पेढे वाटले जायचे. आता घराघरांतून मुली पुढे शिकताहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणी नर्सिंगकडे वळलेल्या आहेत. आमच्या एकट्या गल्लीत जी.एन.एम. झालेल्या तिघी आहेत. तीन वर्षे वसतिगृहात राहून, रात्रपाळ्या करून, परीक्षा देऊन, कौन्सिलची नोंदणी करून मुलगी घरी येते. आईबाप म्हणतात, सुटलो बुवा! पण खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते. पहिली नोकरी.

रुग्णालयात अर्ज घेऊन गेले की पहिला प्रश्न, अनुभव किती? अहो, कालच पास झालेल्या पोरीने अनुभव आणायचा कुठून? नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. एका खासगी रुग्णालयाने तर आमच्या ओळखीतल्या मुलीला सांगितले की, मूळ प्रमाणपत्रे आमच्याकडे जमा करा, दोन वर्षे सोडून जायचे नाही, मगच घेतो. पगाराचा आकडा ऐकून तिचा बाप खुर्चीवरून उठलाच. (मूळ कागद कुणीही कुणाच्या ताब्यात देऊ नयेत. झेरॉक्स द्यावी, मूळ दाखवून परत घ्यावे. हे आत्ताच सांगून ठेवतो.) वास्तविक २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने स्पष्ट शिफारस केलेली आहे की, दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचा पगार सरकारी परिचारिकेइतका असावा आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना वीस हजारांच्या खाली नसावा. शिफारस कागदावर आहे. कागद आणि पगारपत्रक यांची गाठ पडायची आहे.

आम्ही गिरणीत राबलेली माणसे. शाळा अर्धवट सुटलेली. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून वाचले. या पोरींची दारोदार चाललेली वणवण बघून आम्ही जुनी माहिती काढत गेलो, तेव्हा ध्यानात आले की हे कोडे आजचे नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या परिचारिकांपुढे ते असेच उभे होते, आणि काळ्या मुलींपुढे तर दुप्पट. त्यांना अनुभव विचारण्याच्या आधी चेहरा बघितला जायचा. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. काळ्यांची वस्ती असलेले हार्लेम तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विद्वान पुढारी डॉ. डु बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. म्हणजे त्या लोकांच्या लढ्याकडे त्यांचे बारीक लक्ष होते. मग आपणही बघायला हरकत नाही.

आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली परिचारिकांची शाळा काढली. ते बघून अमेरिकेत १८७३ साली न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बोस्टन इथे शाळा निघाल्या. १८८० साली अशा शाळा पंधरा होत्या, १९०० सालापर्यंत त्या ४३२ झाल्या. इतक्या कशा वाढल्या? लोकांना शिक्षणाची एकाएकी आवड लागली काय? तसे नव्हे. रुग्णालयाच्या मालकांच्या ध्यानात आले की शाळा काढली की वॉर्डात राबायला मुली फुकटात मिळतात. दोन-तीन वर्षे खायला द्यायचे, राहायला द्यायचे, वरखर्चाला चार डॉलर द्यायचे आणि बारा-बारा तास काम करून घ्यायचे. शिक्षण म्हणजे दिवसभर राबून थकल्यावर रात्री एखादे व्याख्यान.

आता बघा. वॉर्ड चालवायला विद्यार्थिनी आहेत, तर पास झालेल्या मुलीला पगार देऊन ठेवणार कोण? एक मेट्रन, दोन-चार मुख्य परिचारिका, संपले. ज्या रुग्णालयाने तिला शिकवले तेच रुग्णालय पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला निरोप द्यायचे आणि तिच्या खाटेवर नवी विद्यार्थिनी आणायचे. गिरणीत शिकाऊ कामगाराच्या नावाखाली मशीन चालवून घ्यायचे आणि कायम करायची वेळ आली की दुसरा शिकाऊ भरायचा, हा खेळ आपल्याला काय नवा आहे?

मग पास झालेल्या मुली करायच्या काय? खासगी ड्यूटी. श्रीमंताच्या घरी कुणी आजारी पडले की तिथे जाऊन राहायचे. चोवीस तास रोग्याजवळ, झोप मिळेल तेव्हा. रोगी बरा झाला किंवा मेला की काम संपले. पुन्हा काम मिळेपर्यंत भाड्याच्या खोलीत निरोपाची वाट बघायची. त्यासाठी गावोगाव नोंदवह्या असत, त्यांना रजिस्ट्री म्हणत. कुठे रुग्णालयाची, कुठे परिचारिकांच्या संघाची, कुठे दलालाची. नाव घालायला फी. डॉक्टरचा निरोप आला की वहीतले नाव काढून मुलीला पाठवायचे. आम्हाला हे वाचताना बदली कामगाराचे कार्ड आठवले. भोंगा झाला की गेटवर उभे राहायचे, जॉबरची नजर पडली तर आत, नाहीतर घरी. फरक इतकाच की आपण चौघे मिळून गेटवर उभे असू, ती बिचारी एकटी खोलीत बसून असायची.

ही झाली गोऱ्या मुलींची गत. आता काळ्या मुलींकडे येऊ.

मेरी एलायझा मॅहोनी हे नाव आपल्या मुलींनी लिहून ठेवावे. जन्म १८४५, बोस्टन शहरात. न्यू इंग्लंड हॉस्पिटल हे बायकांनी बायकांसाठी चालवलेले रुग्णालय होते. तिथे मेरीने सुमारे पंधरा वर्षे स्वयंपाक, धुणे, फरशी पुसणे अशी कामे केली. म्हणजे सफाई कामगारच म्हणा ना. त्याच रुग्णालयाच्या परिचारिका शाळेत १८७८ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तिने प्रवेश मिळवला. तिथल्या नियमाप्रमाणे एका तुकडीत एक काळी आणि एक ज्यू मुलगी घेत. एक! तेवढीही इतर ठिकाणी घेत नसत, म्हणून हे रुग्णालय उदार समजले जाई. सोळा महिन्यांचा अभ्यासक्रम, पहाटेपासून रात्रीपर्यंत काम. तिच्याबरोबर चाळीसेक जणी बसल्या, शेवटपर्यंत टिकल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांत मेरी होती. १ ऑगस्ट १८७९ रोजी ती पास झाली. रीतसर शिक्षण घेतलेली अमेरिकेतील पहिली काळी परिचारिका.

आणि नोकरी? रुग्णालयाची नाही. बोस्टनच्या वैद्यकीय ग्रंथालयात परिचारिकांची नोंदवही होती, तीत तिने नाव घातले आणि जन्मभर मुख्यतः खासगी ड्यूटी केली. श्रीमंत गोऱ्यांच्या घरी काळी परिचारिका गेली की घरची मंडळी तिला मोलकरीण समजायची. औषध देऊन झाले की भांडी घास, कपडे धू. मेरीबद्दल असे सांगतात की ती घरातल्या नोकरांच्या पंगतीला बसत नसे, एकटी वेगळी जेवत असे. कुणाला हे गर्विष्ठपणाचे वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या बाईने पंधरा वर्षे फरशी पुसून मग ते प्रमाणपत्र मिळवले, ती त्या प्रमाणपत्राची राखण करत होती.

पण एकट्या मेरीने भागणारे नव्हते. शिकागो शहरात एमा रेनॉल्ड्स नावाची मुलगी परिचारिका व्हायचे म्हणून शाळाशाळांतून फिरली. काळी म्हणून कुणी घेईना. तिचा भाऊ धर्मोपदेशक होता. तो डॉ. डॅनियल हेल विल्यम्स यांच्याकडे गेला. हे डॉक्टर स्वतः काळे, नामांकित सर्जन. पण कितीही नामांकित असले तरी मोठ्या रुग्णालयांत काळ्या डॉक्टरलाही रोगी दाखल करता येत नसत. डॉक्टरांनी काय करावे? एका मुलीसाठी कुणाकडे रदबदली करण्याऐवजी त्यांनी रुग्णालयच काढायचे ठरवले. सभा झाल्या, वर्गणी गोळा झाली. ज्याला जे जमले त्याने ते दिले, काही गोऱ्या धनिकांनीही दिले. १८९१ साली एका विटांच्या घरात बारा खाटांचे प्रॉव्हिडंट रुग्णालय सुरू झाले आणि त्याला जोडून परिचारिकांची शाळा. पहिल्या तुकडीत सात मुली, त्यांत एमा. दोनच वर्षांनी, १८९३ साली, याच लहानशा रुग्णालयात डॉ. विल्यम्स यांनी सुरा लागलेल्या एका तरुणाची छाती उघडून हृदयावरच्या आवरणाला टाके घातले आणि तो जगला. जगभरच्या वैद्यकीय इतिहासात ही शस्त्रक्रिया नोंदलेली आहे. एमा पुढे थांबली नाही, ती शिकून १८९५ साली डॉक्टर झाली. आपण विहार बांधताना एक-एक वीट कशी जमवली हे ज्यांना आठवते, त्यांना त्या बारा खाटांची किंमत वेगळी सांगायला नको.

अशी काळ्यांची स्वतःची रुग्णालये आणि शाळा निघत गेल्या. अटलांटाला स्पेलमन ही शाळा १८८६ सालीच निघाली होती. वॉशिंग्टनला फ्रीडमन्स रुग्णालय, न्यूयॉर्कला लिंकन. त्यांतून दरवर्षी मुली पास होऊन बाहेर पडू लागल्या. पण रुग्णालये बोटांवर मोजण्याइतकी आणि तिथेही वॉर्ड चालवायला विद्यार्थिनीच. मग बाकीच्यांनी जायचे कुठे?

जेसी स्लीट ही प्रॉव्हिडंटची १८९५ ची परिचारिका. मूळची कॅनडाची. न्यूयॉर्कला आली आणि अर्ज करत फिरली, नकार घेत फिरली. त्या काळी शहरातल्या काळ्या वस्त्यांत क्षयाने माणसे पटापट मरत होती. एका धर्मादाय संस्थेला वाटले की काळ्या लोकांना तपासणीला या म्हणून समजावायला काळीच परिचारिका पाठवावी. ऑक्टोबर १९०० मध्ये जेसीला घेतले, तेही फक्त दोन महिन्यांसाठी, प्रयोग म्हणून! आपल्या भाषेत टेंपररी. तिने सुरुवातीलाच जो अहवाल दिला त्यात ४१ आजारी कुटुंबे आणि १५६ घरभेटी यांची नोंद आहे. क्षय, न्यूमोनिया, घटसर्प, कर्करोग, सगळे त्यात आले. दोन महिन्यांची ती नोकरी जवळजवळ नऊ वर्षे चालली. तिचा अहवाल १९०१ साली अमेरिकन परिचारिकांच्या मासिकात छापून आला, आणि तिच्या कामामुळे दुसऱ्या काळ्या परिचारिकांना वस्तीत फिरून सेवा करण्याच्या नोकऱ्या मिळू लागल्या. रुग्णालयाचे दार बंद, पण वस्तीचा रस्ता मोकळा झाला.

आता आम्हाला सर्वांत जास्त भावलेली बाई सांगतो. मार्था मिनर्व्हा फ्रँकलिन. १८९७ साली फिलाडेल्फियाच्या शाळेतून पास झाली, तुकडीत ती एकटीच काळी. तिने बघितले की देशभर आपल्यासारख्या पास झालेल्या बाया विखुरलेल्या आहेत. कुणी खासगी ड्यूटीवर, कुणी परिचारिकेचे प्रमाणपत्र पेटीत ठेवून धुणीभांडी करते आहे. परिचारिकांची मोठी राष्ट्रीय संघटना होती, पण तिचे सभासदत्व राज्याच्या शाखेमार्फत मिळायचे आणि दक्षिणेतल्या शाखा काळ्यांना सभासद करून घेतच नसत. म्हणजे नियमात कुठेही ‘काळ्यांना बंदी’ असे लिहिलेले नाही, आणि बंदी मात्र पक्की. अशी बंदी कशी असते हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

मार्थाबाईंनी काय केले? पदरमोड करून तिकिटे आणली आणि देशभरच्या काळ्या परिचारिकांना पत्रे लिहिली. दीड हजार पत्रे. टंकयंत्र नाही, सगळी हाताने. तुम्ही कुठे काम करता, काय अडचणी आहेत, एकत्र यायचे का? दिवसभर रोग्याची सेवा आणि रात्री दिव्याखाली पत्रे. ऑगस्ट १९०८ मध्ये न्यूयॉर्कला एका चर्चमध्ये बैठक झाली. दीड हजार पत्रांना उत्तर म्हणून आल्या किती, तर ५२ जणी. आमच्यासारखा कार्यकर्ता असता तर म्हणाला असता, फुकट गेली मेहनत. पण त्या ५२ बायांनी काळ्या पदवीधर परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि मार्थाबाई अध्यक्ष झाल्या. पुढच्या वर्षी बोस्टनला पहिले अधिवेशन भरले तेव्हा स्वागताचे भाषण चौसष्ट वर्षांच्या मेरी मॅहोनीने केले.

त्या न्यूयॉर्कच्या बैठकीची सगळी व्यवस्था लिंकन रुग्णालयाच्या एडा थॉम्स यांनी केली होती. या बाईंची हकीगत ऐकण्यासारखी आहे. लिंकनची शाळा काळ्या मुलींची. थॉम्सबाईंनी तिथे १९०६ ते १९२३ अशी सतरा वर्षे उपअधीक्षक म्हणून काम केले, त्यांतली कित्येक वर्षे सगळा कारभारही त्यांनीच सांभाळला. पण कायम अधीक्षक केले नाही, कारण ती खुर्ची गोऱ्या बाईची. काम कायमचे, पद हंगामी! पहिल्या महायुद्धात काळ्या परिचारिकांना सैन्यात घ्यावे म्हणून त्यांनी रेडक्रॉसकडे खेटे घातले. शेवटी १८ जणींना घेतले, ते डिसेंबर १९१८ मध्ये. म्हणजे युद्ध संपल्यावर, फ्लूच्या साथीने छावण्या ओस पडू लागल्या तेव्हा.

इथे एक गोष्ट सारखी दिसते. काळ्या परिचारिकेला दार उघडायचे ते तेव्हाच, जेव्हा आत कुणी जायला तयार नसायचे. सी व्ह्यू रुग्णालय हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. न्यूयॉर्कजवळ स्टेटन बेटावर क्षयरोग्यांसाठी १९१३ साली हे प्रचंड रुग्णालय उघडले. क्षयावर तेव्हा औषध नाही. परिचारिकांनाही लागण व्हायची. गोऱ्या परिचारिका एकेक करून राजीनामे देऊन जाऊ लागल्या, रुग्णालय बंद पडायची पाळी आली. तेव्हा १९२९ पासून शहराने दक्षिणेतल्या काळ्या मुलींना बोलावणे धाडले. या, पगार देतो, राहायला जागा देतो. आपल्या गावच्या रुग्णालयात ज्यांना कुणी उभे करत नव्हते त्या मुली आगगाडीने आल्या. अनेकींची ही पहिलीच पगारी नोकरी. वीसेक वर्षांत अशा सुमारे तीनशे जणींनी तिथे सेवा केली. काही जणींना लागण झाली, काही गेल्या. १९५१-५२ साली आयसोनियाझिड या गोळीची चाचणी याच रुग्णालयात झाली, त्या वेळी रोज रोग्याजवळ राहून वजन, ताप, खोकला टिपून ठेवणाऱ्या याच काळ्या परिचारिका होत्या. आज टी.बी.च्या दवाखान्यात मिळणाऱ्या औषधांत आयसोनियाझिड असतेच. आपल्या किती घरांतली माणसे त्या गोळीने वाचली असतील! गिरणगावात क्षयाने काय केले ते आम्ही लहानपणी पाहिलेले आहे.

आणि गिरणी म्हटल्यावर सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना रिंग खात्यात घेत, जिथे पगार कमी आणि तुसाचा त्रास जास्त. विणकाम खात्यात पगार बरा, पण तिथे घेत नसत. का, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धोटा दुसऱ्याला विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी आग्रह धरला की संपाच्या मागण्यांत ही मागणीही घाला. तेव्हा कुठे कामगार पुढाऱ्यांनी कां-कू करत ती घातली. तिकडे क्षयाचा वॉर्ड, इकडे रिंग खाते. माणूस कुठे नाकारला हे तर बघावेच, पण कुठे घेतला हेही बघावे.

१९२९ च्या मंदीनंतर मात्र अमेरिकेत सगळीच उलथापालथ झाली. लोकांकडे खासगी परिचारिका ठेवायला पैसा उरला नाही. हजारो पास परिचारिका, गोऱ्यासुद्धा, बेकार झाल्या. कित्येक लहान शाळांना विद्यार्थिनी पोसणे परवडेना, त्या बंद पडल्या. तेव्हा रुग्णालयांनी पास परिचारिकांना नोकरीवर घ्यायला सुरुवात केली, सुरुवातीला तर काही ठिकाणी नुसत्या जेवणखाण आणि राहण्याच्या बदल्यात. आज आपण रुग्णालयातली परिचारिका म्हणजे पगारी नोकर असेच धरून चालतो. ही रीत अवघ्या ऐंशी-नव्वद वर्षांची आहे आणि ती उपासमारीच्या काळात पडली.

या काळात काळ्या परिचारिकांच्या संघटनेला दोन कर्तबगार बाया लाभल्या. एक एस्टेल मॅसी, पुढच्या ऑस्बर्न. १९३१ साली परिचर्येत एम.ए. पदवी मिळवणारी ही पहिली काळी परिचारिका, आणि तीही बाबासाहेबांच्याच कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून. १९३४ साली त्या अध्यक्ष झाल्या. दुसऱ्या मेबल कीटन स्टॉपर्स. बार्बाडोस बेटावर जन्म, १९१७ साली फ्रीडमन्समधून पास, सुरुवात खासगी ड्यूटीनेच. १९३४ पासून त्या संघटनेच्या चिटणीस. अंगाने लहानखुऱ्या, बोलण्यात जलद आणि माघार माहीत नाही.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा सैन्याने १९४१ साली काळ्या परिचारिकांसाठी जागा ठेवल्या किती? छप्पन. सबंध देशात! पुढे आकडा थोडा वाढला, पण त्यांना काळ्या सैनिकांच्या वेगळ्या वॉर्डात ठेवले, आणि पुढेपुढे तर जर्मन युद्धकैद्यांच्या छावण्यांत पाठवले. म्हणजे स्वतःच्या देशाच्या गोऱ्या सैनिकाला काळ्या परिचारिकेचा हात चालत नाही, पण कैदेत पडलेल्या शत्रूची सेवा तिने करायची. स्टॉपर्सबाईंनी नोव्हेंबर १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांची भेट घेऊन हे सगळे त्यांच्यापुढे मांडले. जानेवारी १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केले की परिचारिका कमी पडताहेत, कायदा करून सक्तीने भरती करावी लागेल. त्याच सुमारास सैन्याचे मुख्य डॉक्टर नॉर्मन कर्क न्यूयॉर्कच्या एका सभेत हीच रड सांगत होते. स्टॉपर्सबाई सभेत उभ्या राहिल्या आणि विचारले की, परिचारिका इतक्या कमी असतील तर हजारो काळ्या परिचारिका तयार बसल्या आहेत, त्यांना का घेत नाही? तेव्हा सैन्यात काळ्या परिचारिका होत्या जेमतेम तीनशेच्या आसपास. उत्तर देता येईना. वर्तमानपत्रांत बातमी झाली, सरकारकडे तारांचा पाऊस पडला. त्याच महिन्यात सैन्याने रंगाची अट काढली, पाठोपाठ नौदलानेही. मार्चमध्ये फिलिस मे डेली ही नौदलातली पहिली काळी परिचारिका झाली.

इकडे ऑस्बर्नबाईंनी युद्धकाळातल्या राष्ट्रीय परिचर्या मंडळावर सल्लागार म्हणून काम करताना शाळाशाळांच्या मागे लागून दारे उघडवली. काळ्या मुलींना घेणाऱ्या शाळा दोन वर्षांत चौदावरून अडतीस झाल्या. १९४८ साली मोठ्या राष्ट्रीय संघटनेने नियम बदलला. दक्षिणेतल्या शाखेने नाकारले तरी काळ्या परिचारिकेला थेट सभासद होता येऊ लागले. आणि १९५१ साली मार्थाबाईंच्या ५२ जणींच्या संघटनेने ठराव करून स्वतःचे विसर्जन केले. काम झाले, आता वेगळी चूल नको, असे म्हणून.

या विसर्जनाबद्दल आम्ही कार्यकर्त्यांमध्ये बसून बराच वाद घातला. काहींचे म्हणणे, घाई झाली. पुढचा इतिहास बघता त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कारण १९५१ नंतरही दक्षिणेतल्या रुग्णालयांत काळ्यांचे वॉर्ड वेगळेच राहिले आणि काळ्या परिचारिकेला गोऱ्या वॉर्डात उभे करत नसत. खुद्द सरकारी पैशाने नवी रुग्णालये बांधण्याचा जो १९४६ चा कायदा होता, त्यातच वेगळ्या सोयी चालतील अशी पळवाट होती. ती १९६३ साली न्यायालयाने बंद केली. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्याने रंगभेद करायचा नाही असे त्यात लिहिले. तरी रुग्णालयवाले ढिम्म.

मग १९६६ साली मेडिकेअर ही म्हाताऱ्या माणसांच्या उपचाराचा खर्च सरकारने देण्याची योजना सुरू झाली. सरकारने सांगितले, पैसे पाहिजेत तर आधी वॉर्ड एक करा, दाखला घ्या. तपासणीला माणसे पाठवली. कोणत्या खाटेवर कोण आहे, जेवायच्या खोलीत कोण कुठे बसते, वेगळे दरवाजे, वेगळे संडास आहेत काय, सगळे बघितले जाई. कित्येक ठिकाणी तिथले काळे कर्मचारीच तपासनीसांना गुपचूप खरी माहिती देत. चार महिन्यांच्या आत सुमारे एक हजार रुग्णालयांनी पाट्या उतरवल्या आणि वॉर्ड एकत्र केले. मेरी मॅहोनी पास झाली त्याला तेव्हा सत्याऐंशी वर्षे होत आली होती.